ओसरी नसलेली घरे

गेल्या वैशाखात वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात, इंझोरी ह्या गावी एका नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी जाण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी त्या गावी दिलेली आहे. जावई गवंडी. आयुष्यभर दुसऱ्यांची घरे उभी करणाऱ्या त्या हातांना शासनाच्या घरकुल योजनेतून प्रथमच स्वतःचे घर बांधायला मिळाले होते. "फादर, तुम्ही आल्याशिवाय नव्या घरात चूल पेटवणार नाही," असा मुलीचा निरोप होता. तेव्हा जाणे भागच होते.

घर नेटके होते. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर सिमेंटची स्लॅब, दर्शनी बाजूला आकाशी रंग. लोखंडी दार थेट रस्त्यावर उघडत होते. आम्ही, मुलगी, जावई, दोन नातवंडे आणि जावयाची म्हातारी आई एवढी माणसे आत शिरली आणि घर भरले. आशीर्वादाला आलेले शेजारी, त्यांत बंजारा होते, बौद्ध होते, कुणबी होते, सारे बाहेर उन्हात उभे. प्रार्थनेचे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचावेत म्हणून आम्ही उंबरठ्यावर येऊन उभे राहिलो, तर घरच्या माणसांकडे आमची पाठ झाली. आत वळलो, तर पाहुण्यांकडे. इतक्या वर्षांच्या सेवेत कितीतरी घरांना आशीर्वाद दिले. परंतु कुणीकडे तोंड करून उभे राहावे हा प्रश्न त्या दिवशी प्रथमच पडला.

प्रार्थना आटोपली, पवित्र पाणी चारी कोपऱ्यांत शिंपडून झाले. त्याला मिनिटभरही लागले नाही. मग म्हातारी हळूच म्हणाली, "फादर, घर तं चांगलं झालं. पन आता बसाचं कुठी?"

तिचा तो प्रश्न आम्ही झोळीत घालून घेऊन आलो, आणि तोच ह्या लेखाचे निमित्त झाला आहे. स्थापत्यशास्त्रात आम्हांस गती नाही. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर आणि पुढेही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो; भिंत कशी उभी राहते हे कुणी शिकवले नाही. तथापि धर्मगुरूला आयुष्यात एकदोन इमारती बांधाव्या लागतातच, आणि त्याची बदली होऊन गेल्यावरही पुढे पन्नास वर्षे त्या लोकांना सोसाव्या लागतात. तेव्हा अज्ञानी असलो तरी ह्या विषयात आम्ही निर्दोष नाही. ती कबुली यथावकाश येईलच.

त्याच गल्लीत, चार घरे सोडून, एक जुने धाब्याचे घर अजून उभे होते. म्हातारीने आम्हांस मुद्दाम तिकडे नेले. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि काटक्या, त्यांवर पाला, आणि त्यावर हातभर मातीचा थर. पुढे घराच्या पूर्ण रुंदीची ओसरी, जमिनीपासून दीड हात उंच, शेणाने सारवलेली. बाहेर रस्ता भाजत होता. ओसरीवर पाय ठेवताच अंगाला गारवा लागला. ह्यात जादू काही नाही. जाड मातीची भिंत दिवसाचे ऊन फार सावकाश आत येऊ देते. ते आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. उलट उघडी स्लॅब दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता खाली झोपलेल्या माणसांवर सोडत राहते. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेथे हा फरक केवळ सौंदर्यशास्त्राचा उरत नाही. रात्री झोप लागते की नाही, लेकरू रडते की निजते, एवढा तो मोठा असतो.

ओसरी म्हणजे नेमके काय? ती धड घरही नव्हे आणि धड रस्ताही नव्हे. तेथे बसलेली बाई घरात असते आणि गावातही असते. तूर तेथे निवडली जाते, दाढी तेथे होते, मुलगी पाहण्याची बोलणी तेथे सुरू होतात, आजारी माणसाची खाट तेथे टाकली जाते म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने विचारपूस करावी. अनोळखी वाटसरू ओसरीवर पाणी पितो. त्याला घरात घ्यावे लागत नाही आणि हाकलावेही लागत नाही. माणसामाणसांतील एवढे नाजूक व्यवहार सांभाळणारी ही जागा आपल्या पूर्वजांनी नकाशावाचून घडविली. आजचा नकाशा तिला 'वाया जाणारे क्षेत्र' समजतो.

येथे थोडे थांबून स्वतःचे कान धरणे आवश्यक आहे. शहरात शिकलेल्या माणसाला मातीच्या घराचे कौतुक करणे फार सोपे जाते, कारण त्याला ते सारवावे लागत नाही. धाबे दर पावसाळ्यापूर्वी नीट करावे लागते, नाहीतर गळते. भिंतींत उंदीर, विंचू आणि वाळवी. सारवण्याचे, पोतारण्याचे सगळे कष्ट बाईच्या वाट्याला. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ती गार ओसरी सर्वांसाठी कधीच नव्हती. मालकाच्या ओसरीवर कुणी बसायचे, कुणी पायरीवर थांबायचे आणि कुणी अंगणाच्या कडेला उन्हात उभे राहून हाक मारायची, हे जातीने ठरवलेले होते. आमच्यासोबत आलेले बौद्ध शेजारी वयस्कर होते. ते त्या जुन्या ओसरीजवळ आले, पण वर चढले नाहीत. आम्ही आग्रह केला तेव्हा हसून म्हणाले, "राहू द्या, सवय नाही." ते हसणे आम्ही विसरू शकत नाही. ओसरीचे गोडवे गाणाऱ्या कोणत्याही लेखात ते हसणे आले पाहिजे.

म्हणून घरकुलावर टीका करण्यापूर्वी ज्याने ते मिळवले त्याला विचारावे. इंदिरा आवास योजना १९८५ साली सुरू झाली. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. घराचे किमान क्षेत्र २० चौरस मीटरवरून २५ चौरस मीटर झाले आणि सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. ज्यांना पिढ्यान् पिढ्या कुडाच्या भिंतींत दिवस काढावे लागले, त्यांना ही पक्की चौकट म्हणजे केवळ निवारा नव्हे. तो मान आहे. जावयाने दाराच्या चौकटीवर स्वतःचे नाव सिमेंटमध्ये कोरले होते. ते वाचताना त्याचा चेहरा पाहिला असता तर कोणत्याही टीकाकाराने लेखणी खाली ठेवली असती.

परंतु मग ओसरी का गेली? आम्ही त्यालाच विचारले. त्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही असे होते. "फादर, पैसा पायात गेला."

आपल्या जुन्या भाषेत गावाची जमीन 'पांढरी' आणि शेताची जमीन 'काळी'. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या 'गावगाडा' (१९१५) ह्या ग्रंथात ही विभागणी आढळते, आणि जुनी माणसे आजही ती सहज बोलतात. ह्या शब्दांत गावरचनेचे एक संपूर्ण शास्त्र दडलेले आहे. काळी कापसाची, पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर बांधलेले घर तिच्याबरोबर श्वास घेते आणि तडकते. म्हणून घरे पांढरीवर, पीक काळीवर. मात्र पांढरी आता भरली. वाढत्या कुटुंबांना जागा मिळते ती गावाच्या कडेला, काळीत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी बुडाशी फुगवलेल्या खांबांचा पाया सिद्ध केला, त्याला कितीतरी दशके लोटली. आमच्या गवंडीबाबाने त्याचे नाव ऐकलेले नव्हते. मात्र काळी जमीन काय करते ते त्याला ठाऊक होते, म्हणून मुरूम लागेपर्यंत तो खणत गेला. हिशोबातली विटांची आणि पत्र्यांची रक्कम जमिनीत गडप झाली. घर तडकणार नाही. पण म्हातारीला बसायला जागा राहिली नाही. ज्याला हा हिशोब ठाऊक नाही त्याने ग्रामीण घरांच्या कुरूपतेविषयी बोलू नये, असे आम्हांस वाटते.

विदर्भातच, वर्ध्याजवळ, ह्या हिशोबाचा वेगळा पाठ उभा आहे. गांधीजी १९३६ साली शेगावी राहायला गेले. पुढे त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील बापूकुटी मूळची मीराबेनची. माती, बांबू, कवेलू आणि स्थानिक कारागीर, एवढ्यावर ती उभी आहे. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. वाचकांपैकी काहींना हे नाव परिचित असेल: व्हिएन्नाला जन्मलेले, कॅथलिक धर्मगुरू म्हणून दीक्षित झालेले आणि १९६९ मध्ये त्या कार्यातून बाजूला झालेले हे विचारवंत. त्या कुटीत बसून त्यांना जे जाणवले ते त्यांनी तेथील भाषणात मांडले. माणसाने राहण्याचे घर निराळे आणि माणसाने आपले सामान साठविण्याची इमारत निराळी, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. आपण सामानाच्या सोयीने भिंती घालतो आणि मग त्या भिंतींत स्वतःला बसवून घेतो.

लॉरी बेकर ह्यांचीही आठवण येथे होते. बर्मिंगहॅमचे हे क्वेकरपंथी ख्रिस्ती स्थापत्यकार महायुद्धाच्या काळात चीनमधून मायदेशी परतताना मुंबईत अडकले आणि तेथे गांधीजींना भेटले. पाच मैलांच्या परिसरात जे साहित्य मिळेल त्यातून घर बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात रुतून बसला. पुढे भारतात कुष्ठरुग्णांच्या सेवेला आलेला हा माणूस २००७ साली केरळमध्येच देवाघरी गेला. वीट आडवी न ठेवता उभी रचून मध्ये पोकळी ठेवायची, ही त्यांची आवडती रीत. तिच्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊनही अडते. इंझोरीच्या पायात गेलेले पैसे भिंतीत परत मिळवता आले असते, असा हिशोब आम्ही जावयाला कागदावर करून दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हे आधी सांगाले कोनी आलं नाही."

परतताना आम्ही वाट वाकडी करून पोहरादेवीला गेलो. ते क्षेत्रही मानोरा तालुक्यातलेच. संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान म्हणून बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो. तेथे नगाऱ्याच्या आकाराची चार मजली इमारत उभी आहे. बंजारा वारसा सांगणारे हे संग्रहालय. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आम्ही पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता, आत जाता आले नाही. म्हणून आतील तेरा दालनांविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. बोलतो ते बाहेरच्या रूपाविषयी.

अमेरिकेत लाँग आयलंडवर एका बदकपालकाने १९३१ च्या सुमारास बदकाच्या आकाराचे दुकान बांधले आणि तेथे बदके व अंडी विकली. रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनर ह्यांनी १९७२ साली लास व्हेगासवर लिहिलेल्या ग्रंथामुळे ते बदक स्थापत्यसमीक्षेत अमर झाले. जी इमारत स्वतःच आपली पाटी बनते, तिला तेव्हापासून 'बदक' म्हणतात. पोहरादेवीची इमारत ह्या अर्थाने 'बदक' आहे. ती एका नजरेत सर्व सांगून टाकते, आणि दुसऱ्या नजरेसाठी काही राखून ठेवत नाही. नगारा हे तांड्याला एकत्र बोलावणारे वाद्य. त्याचे मोठेपण आकारात नाही. पोकळीत आहे, आणि त्या पोकळीतून उमटणाऱ्या हाकेत आहे. हाक ऐकून माणसे जमतात ती कुठे? मोकळ्या जागेत. तांड्याची वास्तुकला असलीच तर ती त्या मोकळ्या जागेत आहे, जेथे बैलांवरचे मीठ आणि धान्य उतरवले जाई, पंचायत बसे, गाणी म्हटली जात. नगारा बांधण्याऐवजी नगारा ऐकणाऱ्यांसाठी जागा बांधली असती तर, असे मनात आले.

हे मनात आले खरे. पण ते तेथे मोठ्याने बोलण्याचा धीर झाला नाही. एक कुटुंब इमारतीसमोर उभे राहून छायाचित्र काढून घेत होते. आजी, मुलगा, सून, कडेवर लेकरू. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत ज्यांच्या पिढ्या गेल्या, ज्यांचा मुक्काम गावाने नेहमी शिवेबाहेरच ठेवला, त्यांना दुरून दिसणारी, कुणालाही टाळता न येणारी एक इमारत हवी असेल, तर तिला 'बदक' म्हणणाऱ्या आम्ही आधी आपल्या अंगणात पाहावे. सिमेंटचे टोकदार मनोरे, प्लॅस्टरमध्ये काढलेल्या खोट्या दगडी रेषा, मेणबत्त्यांच्या आकाराचे विजेचे दिवे असलेली आपली कितीतरी नवी चर्चेस ह्यांहून निराळी आहेत काय? तीही दुरून 'मी चर्च आहे' एवढेच ओरडून सांगतात.

टोकदार कमानी म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे की त्याचे वय आपण विसरतो. वांद्र्याच्या माउंट मेरीची सध्याची वास्तू १९०४ सालची, आणि तिचा आराखडा केला तो शापूरजी चंदाभॉय ह्या पारशी स्थापत्यकाराने. गॉथिक ही युरोपच्या थंडीची, ढगाळ आकाशाची शैली. जेथे सूर्य दुर्मीळ तेथे उंच खिडक्यांतून तो खेचून आणावा लागतो. आपल्याकडे सूर्याला अडवावे लागते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याकडे लक्ष देण्यास सांगितले आहे. त्याला साठ वर्षे उलटली. आपल्या इमारत समित्यांपर्यंत तो दस्तऐवज पोहोचलेला दिसत नाही.

अपवाद नाहीत असे नाही. त्यांतल्या एकाविषयी सविस्तर लिहिण्याची इच्छा बरेच दिवस होती.

मुंबईत दादरला गोखले रोडवर 'पोर्तुगीज चर्च' आहे. त्याचे मूळ १५९६ सालचे. पुढे ते अनेकदा बदलले. आजची वास्तू १९७४ ते १९७७ ह्या काळात उभी राहिली आणि तिचे शिल्पकार चार्ल्स कोरिया. १९३० साली सिकंदराबादला जन्मलेले, गोव्याच्या घराण्यातले हे कॅथलिक गृहस्थ. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय, पणजीची कला अकादमी, पुण्याची आयुका, बेलापूरची कलाकार वसाहत ही त्यांची कामे. नव्या मुंबईच्या कल्पनेचे ते एक जनक. सिडकोचे मुख्य स्थापत्यकार म्हणूनही त्यांनी काम केले. २०१५ साली ते गेले.

गुरुविद्यालयात असताना आम्ही हे चर्च प्रथम पाहिले आणि आम्हांस ते मुळीच आवडले नाही. उंच मनोरा नाही, भव्य दर्शनी भिंत नाही. काँक्रीटची शंकूसारखी निमुळती छपरे एकमेकांना खेटून उभी. आमच्याबरोबरचा मित्र म्हणाला, "हे चर्च की कारखाना?" आम्ही हसलो. दुसऱ्यांदा गेलो ते बऱ्याच वर्षांनी, मे महिन्यातील एका दुपारी, एका अंत्यविधीसाठी. तेव्हा ती वास्तू आम्हांस प्रथम समजली.

तेथे एकच एक मोठी बंद पेटी नाही. जागांची मालिका आहे. प्रभूच्या जीवनाचे तीन टप्पे, स्नानसंस्कार, लोकांमधील सेवाकार्य, आणि मरण व पुनरुत्थान, हे त्या रचनेमागचे सूत्र. एक जागा दुसरीत उघडते, मध्ये आकाशाखालची अंगणे येतात. छतावरील शंकू हे नुसते शोभेचे नाहीत. आतली गरम हवा वर चढते आणि माथ्यावरून बाहेर पडते, खालून अंगणातली हवा आत येते. वरच्या काचेवर मकबूल फिदा हुसेन ह्यांनी रंगकाम केले. गोव्याच्या कॅथलिकाने आराखडा करावा आणि पंढरपूरला जन्मलेल्या मुसलमान चित्रकाराने तो प्रकाशाने रंगवावा, ह्यासाठी मुंबईच हवी.

त्या दुपारी माणसे पुष्कळ होती. काही आत बसली, काही अंगणाच्या कडेला थांबली. मृताचे हिंदू आणि मुसलमान सहकारी आले होते. अशा प्रसंगी परधर्मीय माणसाची जी कुचंबणा होते ती आम्ही अनेकदा पाहिली आहे. बंद चर्चच्या दारात तो थबकतो. आत जावे तर कुठे बसावे, कधी उठावे हे कळत नाही. बाहेर थांबावे तर अनादर वाटतो. येथे ते अंगणात उभे राहिले, आणि तेथून त्यांना वेदी दिसत होती, शब्द ऐकू येत होते. ते बाहेर नव्हते आणि आत येण्याची सक्तीही त्यांच्यावर नव्हती. इंझोरीच्या म्हातारीच्या भाषेत सांगायचे तर त्यांना बसायला ओसरी होती.

उष्ण प्रदेशात माणसाचा देवाशी संबंध बंद खोलीत येत नाही, उघड्या आकाशाखाली येतो, ही कोरियांची आवडती मांडणी. ते म्हणत की आपल्या मोठ्या देवळांत गाभाऱ्याइतकेच महत्त्व भोवतालच्या प्राकारांना आणि त्यांतून चालत जाण्याला असते. हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. वसईच्या जुन्या चर्चपुढील पटांगण, त्यातला क्रूस, मे महिन्यात क्रूसापुढे म्हटलेली रोझरी, ह्या सर्व उघड्या आकाशाखालच्याच गोष्टी. कोरियांनी नवे काही आणले नाही. आपण जे बाहेर ठेवले होते ते त्यांनी आत घेतले.

ही वास्तू निर्दोष आहे काय? नाही. उघड्या काँक्रीटला मुंबईचा पाऊस मानवत नाही. ते काळवंडते आणि त्याची निगा खर्चिक ठरते. अंगणातून वारा येतो तसा दादरच्या रहदारीचा गोंगाटही येतो. आणि ज्या भाविकांच्या बालपणीच्या आठवणी जुन्या इमारतीशी जडलेल्या होत्या त्यांचे दुःख कोणत्याही उत्तम आराखड्याने भरून निघत नाही. स्थापत्यकार ते दुःख हिशोबात धरीत नाहीत, ही आमची त्यांच्याविषयीची तक्रार आहे. तरीसुद्धा महाराष्ट्रात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या आणि आम्ही पाहिलेल्या चर्चवास्तूंत विचार करून बांधलेली म्हणून आम्ही हिलाच पहिला मान देऊ. इतर ठिकाणी पैसा दिसतो, श्रद्धाही दिसते. विचार क्वचित दिसतो.

आता कबुली. एका लहान धर्मग्रामात आम्ही प्रमुख असताना तेथे कवेलूंचे जुने प्रार्थनामंदिर होते. तिन्ही बाजूंनी रुंद पडवी. कवेलू फुटत, माकडे नाचत, पावसात वेदीवर पाणी ठिबके. आम्ही तरुण होतो, उत्साही होतो. वर्गणी गोळा केली आणि अवघ्या आठ महिन्यांत नवे बांधले. स्लॅब, चकचकीत फरशी, सरकत्या काचांच्या खिडक्या. जागा वाढावी म्हणून पडवी आत घेतली. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावली, तिच्यावर आमचेही नाव आहे. आशीर्वादाच्या दिवशी सर्वांनी कौतुक केले.

वर्षभराने लक्षात आले की मिस्सा संपताच लोक निघून जातात. पूर्वी पडवीत तासभर रेंगाळत. तेथे आजाऱ्यांची खबर कळे, भांडणे मिटत, स्थळे सुचवली जात. धर्मशिक्षणाचे वर्ग त्याच पडवीत भरत. धर्मगुरूला पडवीत एक फेरी मारली की सगळा धर्मग्राम हाताला लागे. आता आम्हांस घरोघर जाऊन विचारावे लागे, आणि घरोघर तेवढे कुणी मोकळे बोलत नसे. उन्हाळ्यात दहा पंखे लावूनही म्हाताऱ्यांना आत बसवेना. भाविकांची संख्या कमी झाली म्हणून आम्ही दोन रविवार कडक प्रवचन केले. दोष प्रवचनाचा नव्हता, भाविकांचाही नव्हता. आम्ही पडवी पाडली होती.

सध्याच्या धर्मग्रामातही नव्या चर्चची बोलणी चालू आहेत. ठेकेदाराने रंगीत चित्र आणून दिले आहे: दोन मनोरे, निळ्या काचा, वातानुकूलन. समितीला ते पसंत आहे. आम्ही दादरच्या चर्चची छायाचित्रे दाखविली. फ्रान्समधील रोंशाँच्या टेकडीवर ल कॉर्ब्युझिए ह्यांनी १९५५ साली पूर्ण केलेल्या प्रार्थनामंदिराचीही दाखविली; त्याला बाहेरच्या बाजूने, पुढे झुकलेल्या छपराखाली दुसरी वेदी आहे, म्हणजे यात्रेच्या दिवशी मंदिराबाहेर जमलेल्या भाविकांसाठी उघड्यावर मिस्सा करता यावी. थोडा वेळ सगळे गप्प राहिले. मग एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "फादर, चर्च चर्चसारखं दिसलं पाहिजे हो. आमची मुलं विचारतात, आपलं चर्च त्यांच्यासारखं का नाही म्हणून."

ते चुकले असे आम्ही म्हणू शकलो नाही. पोहरादेवीच्या त्या कुटुंबाची आठवण झाली. लहान समाजाला दिसावेसे वाटते. मात्र दिसण्यासाठी मनोरा हवाच असेल तर एक बांधू, दुसऱ्याच्या पैशांत तिन्ही बाजूंना आठ फुटांची पडवी होते, एवढा हिशोब आम्ही फळ्यावर मांडला. पडव्यांवर कवेलू घालावेत, कारण त्यांखाली उन्हाळ्यातही बसवते. माकडांसाठी जाळी लावता येईल. निर्णय अजून झालेला नाही. पुढची बैठक पावसाळ्यानंतर आहे.

दरम्यान इंझोरीहून मुलीचा फोन आला. जावयाने पाडलेल्या एका जुन्या घराचे दोन खांब आणि चार पत्रे स्वस्तात आणून दारापुढे छप्पर काढले आहे. खाली फुटक्या फरशीचा ओटा केला आहे. तो रस्त्यात दीड हात पुढे आला म्हणून समोरचा शेजारी दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी तोच चहाला येऊन बसला. ते वयस्कर बौद्ध शेजारीही संध्याकाळी येऊन बसतात, असे ती म्हणाली. म्हातारी सकाळपासून तेथेच असते. पत्रे तापतात, तेव्हा वर पळाट्या पसरून टाकल्या आहेत.